कॉलेजांतील क्वार्टरबॅकची पारख

दर वर्षीं एप्रिल महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील लक्षावधि घरांत एका सभेची आतुरतेनें वाट पाहिली जाते. ही सभा राजकारणाची नव्हे, व्यापाराचीही नव्हे. देशांतील ३२ धंदेवाईक फुटबॉल संघ त्या सभेंत पाळीपाळीनें कॉलेजांतील खेळाडू निवडून घेतात. मागील मोसमांत जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याची पाळी पहिली आणि जो अजिंक्य ठरला त्याची शेवटची, असा सामान्यतः नियम असतो. दुबळ्याला सबळ होण्याची संधि मिळावी हा त्यांतील हेतु. १९३६ सालीं फिलाडेल्फिया येथें ही प्रथा सुरू झाली आणि ड्राफ्ट या नांवानें ती रूढ झाली. या सभेंत निवडल्या जाणाऱ्या तरुणांपैकीं सर्वांत अधिक खल होतो तो क्वार्टरबॅक या एका जागेच्या खेळाडूविषयीं, आणि सर्वांत महाग पडणाऱ्या चुकाही त्याच्याच बाबतींत होतात. शेंकडों जाणत्या माणसांनीं वर्षभर अभ्यास करून केलेली ही निवड वारंवार कां चुकावी? एका परिस्थितींत चमकलेला मनुष्य दुसऱ्या परिस्थितींत कसा वागेल हें आधीं ओळखतां येतें काय, असा या कोड्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे. आणि तो प्रत्येक शाळेंत, कचेरींत व कारखान्यांत केव्हां ना केव्हां उभा राहतो.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलें म्हणजे पायानें चेंडू टोलविण्याचा खेळ डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेचा फुटबॉल अगदीं निराळा. त्यांतील चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतेक वेळ हातांतच असतो. मैदान १०० यार्डांचें; दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. चढाई करणाऱ्या पक्षाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत निदान १० यार्ड पुढें सरकतां आलें तर पुन्हां चार प्रयत्न, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं पुढच्या फळींतील मधला गडी चेंडू मागें देतो, आणि तो ज्याच्या हातीं येतो तो क्वार्टरबॅक. त्यानें चेंडू धांवणाऱ्या सोबत्याच्या हवालीं करावा, स्वतः घेऊन पळावें, किंवा पुढें गेलेल्या सोबत्याकडे फेकावा. चेंडू असा पुढें फेकण्यास १९०६ सालीं नियमानें मुभा मिळाली, आणि तेव्हांपासून या गड्याचें महत्त्व वाढतच गेलें. आज तो संघाचा सेनापतीही आहे आणि तोफखानाही आहे.

चेंडू हातीं आल्यावर त्याला मिळणारा अवधि सुमारें अडीच ते तीन सेकंदांचा असतो. त्याला लोळविण्यासाठीं सव्वाशें किलो वजनाचे गडी चोहोंकडून धांवून येत असतात. त्याचे चार-पांच सोबती ठरलेल्या वाटांनीं पुढें गेलेले असतात, आणि प्रत्येकावर प्रतिपक्षाचा पहारा असतो. प्रतिपक्षही मोठा कावेबाज. उभा एका रचनेंत राहतो आणि चेंडू हलतांच दुसरी रचना धरतो. या गोंधळांत पहिला सोबती मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, दुसरा नसेल तर तिसऱ्याकडे नजर वळवावयाची, आणि तो आतां जेथें आहे तेथें न फेकतां क्षणभरानें जेथें असेल तेथें चेंडू फेकावयाचा, असें हें काम आहे. चेंडू हातभर मागें पडला तर प्रतिपक्ष तो हिरावून घेतो, आणि कधीं कधीं सामनाही त्याबरोबर जातो.

अमेरिकेंत पहिल्या दर्जाच्या स्पर्धेंत खेळणारीं १३० हून अधिक कॉलेजें आहेत. प्रत्येकाचा एक क्वार्टरबॅक असतो, आणि धंदेवाईक संघांत अशा पहिल्या जागा केवळ ३२. ही चाळणी मुळांतच बारीक आहे. तिच्यांतून वर राहिलेल्या तरुणांचा खेळ पाहून अंदाज बांधावा, तर कॉलेजचा खेळ आणि धंदेवाईक खेळ हे नांवानें एक असले तरी वृत्तीनें दोन आहेत. कॉलेजच्या मैदानावर प्रतिपक्षाचे बहुतेक गडी पुढें कधींही धंदेवाईक खेळाडू होणार नसतात. त्यामुळें बलाढ्य कॉलेजच्या क्वार्टरबॅकला आपले सोबती बरेच वेळां तीन-तीन यार्ड मोकळे सांपडतात. धंदेवाईक खेळांत तोच सोबती एका पावलानें पुढें असला तरी त्याला मोकळा म्हणतात. मैदानाची आंखणीही सारखी नाहीं. ज्या दोन रेघांच्या दरम्यान चेंडू ठेवून डाव सुरू करतात त्या रेघांमधील अंतर कॉलेजांत ४० फूट, तर धंदेवाईक खेळांत साडेअठरा फूट. म्हणून कॉलेजांत अनेकदां एका बाजूस विस्तीर्ण मोकळी जागा मिळते. धंदेवाईक मैदानावर ती ऐसपैस जागा उरत नाहीं.

याहून फसवा असतो तो कॉलेजच्या प्रशिक्षकाचा सांचा. कांहीं प्रशिक्षक अशी चतुर रचना करतात कीं, क्वार्टरबॅकला स्वतः फारसा निर्णय घ्यावाच लागत नाहीं. एका बाजूस पाहावें आणि झटपट फेकावें, एवढेंच उरतें. अशा सांच्यांतून निघालेले आंकडे डोळे दिपविणारे असतात. ह्यूस्टन विद्यापीठाच्या आंद्रे वेअरनें १९८९ सालीं कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च मानाचें हाइझमन पारितोषिक मिळविलें. त्याच विद्यापीठांत त्याच्या मागून आलेल्या डेव्हिड क्लिंगलरनें १९९० सालीं एकाच सामन्यांत ११ वेळां अंतिम रेषेपलीकडे यशस्वी फेक केली. १९९० च्या ड्राफ्टमध्यें वेअर सातवा व १९९२ च्या ड्राफ्टमध्यें क्लिंगलर सहावा निवडला गेला. परंतु धंदेवाईक मैदानावर दोघांनाही पाय रोवतां आले नाहींत. आंकडे खरे होते. मात्र त्यांत खेळाडूचा वाटा किती आणि सांच्याचा किती, हें वेगळें काढणें कोणास साधलें नव्हतें.

मग पारखी मंडळी काय करतात? जें मोजतां येतें तें आधीं मोजतात. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरीं उमेदवारांची मोठी सामुदायिक परीक्षा भरते. तेथें उंची, वजन, हाताचा पंजा मोजतात. ४० यार्ड धांवावयास लावतात. चेंडू फेकावयास लावतात. बुद्धीची चांचणी म्हणून १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडविण्याची एक परीक्षाही अनेक वर्षें होत असे. २०२२ पासून या मेळाव्यांत ती बंद झाली. या सर्व मोजमापांचा उपयोग नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. ज्याच्या हातांत चेंडू दूर पोंचविण्याची पुरेशी शक्ति नाहीं त्याला ही जागा मिळावयाची नाहीं. परंतु पुरेशी शक्ति असणें आणि अधिक शक्ति असणें यांत फार फरक पडत नाहीं, ही गोष्ट मोजणाऱ्याच्या लक्षांत राहत नाहीं. २००७ सालीं पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला लुइझियानाचा जामार्कस रसेल हा दांडग्या फेकीबद्दल विख्यात होता. ज्या ओकलंड संघानें त्याला घेतलें त्यानेंच २०१० सालीं त्याला सोडून दिलें. उलट २००० सालीं मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी ४० यार्ड धांवला तेव्हां त्याला सव्वापांच सेकंदांहून अधिक वेळ लागला. त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि तो स्वतः १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंड संघाच्या पदरीं पडला. पुढें त्यानें सात वेळां सुपर बाउल म्हणजे अंतिम अजिंक्यपदाचा सामना जिंकला. उंचीचीही तीच कथा. सहा फुटांचा ड्रू ब्रीझ २००१ सालीं ठेंगणा म्हणून ३२ व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि त्याहून किंचित् कमी उंचीचा रसेल विल्सन २०१२ सालीं ७५ व्या क्रमांकापर्यंत. दोघांनींही आपापल्या संघांना अजिंक्यपद मिळवून दिलें.

म्हणून जाणता पारखी मोजपट्टी बाजूला ठेवून उमेदवाराच्या सामन्यांचीं चित्रें पुनः पुन्हां पाहतो. जिंकलेल्या सोप्या सामन्यांत त्याला फारसें स्वारस्य नसतें. तिसऱ्या प्रयत्नांत अजून बरेंच अंतर बाकी आहे, आपला पक्ष मागें पडला आहे आणि समोरचा गडी अंगावर आला आहे, अशा वेळीं हा तरुण काय करतो तें तो पाहतो. पहिला सोबती अडला असतां त्याची नजर दुसऱ्याकडे वळते कीं पायच पळूं लागतात? मार बसणार हें दिसत असतांनाही तो जागेवर उभा राहून फेक पुरी करतो काय? सोबती मोकळा झालेला पाहून मग फेकतो, कीं तो मोकळा होईल हें आधीं ताडून फेकतो? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा; कारण धंदेवाईक मैदानावर पाहून फेकणाऱ्याला बहुधा उशीरच झालेला असतो. त्यानंतर उमेदवाराला फळ्यापुढें उभें करतात, एखादा डाव समजावून सांगतात, मध्यें इतर गोष्टी बोलून मन दुसरीकडे नेतात आणि मग तोच डाव त्याला आंखावयास लावतात. चुकलेल्या फेकीचें चित्र दाखवून कारण विचारतात. आपली चूक कोठें झाली हें जो नेमकें सांगतो, त्याची शिकण्याची तयारी दिसून येते. जो सोबत्यावर दोष ढकलतो त्याचीही परीक्षा तेथेंच होते.

आंकड्यांचीही मदत होते, परंतु ती विचारपूर्वक घ्यावी लागते. कॉलेजांत पुष्कळ सामने खेळलेला क्वार्टरबॅक अधिक विश्वासार्ह, असा एक जुना आडाखा आहे, आणि त्यामागें साधी व्यवहारबुद्धि आहे. सामने जितके अधिक तितका पुरावा अधिक. २०१७ सालीं शिकागो संघानें दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला मिचेल ट्रुबिस्की कॉलेजांत आरंभापासून असे केवळ १३ सामने खेळला होता, आणि चार मोसमांनंतर त्यानें तो संघ सोडला. उलट आयोवा स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षें खेळलेला ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्यें २६२ वा, म्हणजे अगदीं शेवटचा, निवडला गेला, आणि दोन वर्षांच्या आंत सॅन फ्रान्सिस्को संघाला घेऊन तो अंतिम सामन्यांत उतरला. दुसरा आडाखा असा कीं, ज्याच्या फेकी कॉलेजांत अचूक नाहींत त्याच्या पुढेंही अचूक होत नाहींत. हा आडाखा पुष्कळदां खरा ठरतो. पण वायोमिंगच्या जॉश ॲलननें तो खोटा पाडला. कॉलेजांत त्याच्या शंभरांतील ५६ फेकीच सोबत्याच्या हातीं पोंचत. बफेलो संघाकडे आल्यावर पहिल्या वर्षीं तें प्रमाण आणखी घटलें, आणि तिसऱ्या वर्षीं, २०२० सालीं, तें ६९ वर गेलें. २०२४ च्या मोसमांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. आडाखे पुष्कळांविषयीं बरोबर असतात, परंतु संघाला पुष्कळांची निवड करावयाची नसते. एकाचीच करावयाची असते.

मनाची घडण किती निर्णायक ठरते याचें बोलकें उदाहरण १९९८ सालचें. त्या वर्षीं टेनेसीचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ या दोघांत श्रेष्ठ कोण, यावर देशभर वाद रंगला होता. इंडियानापोलिसनें मॅनिंगला पहिलें स्थान दिलें आणि सॅन डिएगोनें लीफला दुसरें. पहिल्या मोसमांत दोघांचीही दैना झाली. मॅनिंगच्या तर तब्बल २८ फेकी प्रतिपक्षानें हिरावल्या आणि त्याच्या संघानें १६ पैकीं तीनच सामने जिंकले. लीफच्या १५ फेकी गेल्या. त्या घटकेला केवळ आंकडे पाहणारा दोघांनाही सारखेंच नापास करता. परंतु मॅनिंग अपयशाचा अभ्यास करीत बसला. सामन्यांचीं चित्रें तासन् तास पाहण्याची त्याची संवय प्रसिद्धच होती. तो पुढें पांच वेळां सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफचा शेवटचा सामना २००१ सालीं झाला. पडल्यावर माणूस काय करतो हें पडण्यापूर्वीं मोजणारी फूटपट्टी निघालेली नाहीं. आणि कॉलेजांत सतत जिंकत आलेल्या तरुणाला पडण्याची संधीच क्वचित् मिळालेली असते.

येथवरचा सर्व विचार उमेदवाराचा झाला. परंतु बीं कसें आहे याइतकेंच तें कोणत्या जमिनींत पडतें यालाही महत्त्व असतें, आणि पारखीच्या चर्चेंत हीच बाजू बहुधा लंगडी राहते. १९३९ सालीं शिकागोनें कोलंबिया विद्यापीठाचा सिड लकमन निवडला. कॉलेजांत तो निराळ्याच पद्धतीनें खेळत असे. शिकागोच्या नव्या रचनेंत त्याला क्वार्टरबॅकचें काम पायरीपायरीनें शिकविण्यांत आलें, आणि १९४० च्या अंतिम सामन्यांत त्याच्या संघानें वॉशिंग्टनचा ७३ विरुद्ध शून्य असा फडशा पाडला. १९७९ सालीं ८२ वा निवडलेला जो मोंटॅना हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श या प्रशिक्षकाच्या हातीं लागला. जवळच्या, झटपट आणि वेळ साधून केलेल्या फेकींवर वॉल्शची सारी रचना उभी होती; मोंटॅनाचा गुण नेमका तोच. त्या जोडीनें तीन अजिंक्यपदें मिळविलीं, आणि वॉल्श निवृत्त झाल्यावर मोंटॅनानें चौथें. २०१७ सालीं दहावा निवडलेला पॅट्रिक महोम्स याला कॅन्सस सिटी संघानें जवळजवळ वर्षभर अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागें बसवून ठेवलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें ५० वेळां अंतिम रेषेपलीकडे यशस्वी फेक केली.

याची उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. २००२ सालीं ह्यूस्टन येथें नव्यानें स्थापन झालेल्या संघानें डेव्हिड कार याला पहिल्या क्रमांकावर घेतलें आणि पहिल्याच दिवसापासून मैदानावर उभें केलें. पुढें रक्षणाची फळीच नव्हती म्हटलें तरी चालेल. त्या एका मोसमांत तो ७६ वेळां जमिनीवर पाडला गेला. कारच्या अंगीं मूळचे गुण किती होते, हें त्यानंतर कोणास खात्रीनें सांगतां येणार? २०१८ सालीं तिसरा निवडलेला सॅम डार्नल्ड न्यू यॉर्कच्या जेट्स संघांत निष्प्रभ ठरला आणि संघामागून संघ बदलत राहिला. तोच २०२४ सालीं मिनेसोटाच्या जाणत्या प्रशिक्षकाकडे येतांच १७ पैकीं १४ सामने जिंकून गेला. नापास झाला म्हणून ज्यावर शिक्का बसला त्याची परीक्षाच सदोष होती, असें कितीदां झालें असेल याची गणती कोणी ठेवीत नाहीं.

पारख्याच्या डोळ्यांवर पूर्वग्रहाचें पटल असलें तर काय होतें, हेंही या खेळाच्या इतिहासांत नमूद आहे. वॉरन मून हा वॉशिंग्टन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. जानेवारी १९७८ मध्यें रोझ बाउल या प्रतिष्ठेच्या सामन्यांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही त्या वर्षींच्या ड्राफ्टमध्यें त्याला एकाही संघानें निवडलें नाहीं. मून कृष्णवर्णीय होता, आणि कृष्णवर्णीय तरुणानें धांवावें, झेल घ्यावेत, पण सेनापतीच्या जागेवर उभें राहूं नये, अशी त्या काळीं अनेक संघांची धारणा होती. जागा बदलण्यास मूननें नकार दिला आणि तो कॅनडांत गेला. तेथें एडमंटन संघानें त्याच्या काळांत १९७८ ते १९८२ अशीं ओळीनें पांच अजिंक्यपदें जिंकलीं. १९८४ सालीं ह्यूस्टननें त्याला परत बोलावलें, आणि २००६ सालीं धंदेवाईक फुटबॉलच्या सन्मान-मंदिरांत प्रवेश मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक झाला. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यांत प्रथमच दोन्ही पक्षांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. मूनच्या बाबतींत मोजमाप चुकलें नव्हतें. तें करावें असेंच कोणास वाटलें नव्हतें. ज्यांना कॅनडाचा मार्गही सांपडला नाहीं त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

चुकीची किंमत मोठी असते. २०१० सालीं पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटि डॉलरांची हमी देण्यांत आली होती. २०११ पासून नवोदितांच्या वेतनाला मर्यादा घालण्यांत आली, तेव्हां त्या वर्षींच्या पहिल्या खेळाडूचा चार वर्षांचा करार सुमारें २ कोटि २० लाखांवर आला. पैसा असा आवरतां आला, पण गेलेलीं वर्षें भरून येत नाहींत. निवड चुकली कीं प्रशिक्षकाची नोकरी जाते, शहर हिरमुसतें, आणि एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाच्या कपाळीं अपयशाचा टिळा लागतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सर्व जागांच्या खेळाडूंचा हिशेब मांडला आहे. एखाद्या जागेसाठीं आधीं निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढल्या खेळाडूपेक्षां सरस निघण्याचा संभव, नाणें उडवून कौल घेण्यापेक्षां थोडासाच अधिक असतो, असें त्यांना आढळलें. तरीही वरच्या निवडींसाठीं संघ अवाच्या सवा मोल देत आले. माहिती वाढते तसा आत्मविश्वास वाढतो. अचूकपणा मात्र त्या मानानें वाढत नाहीं.

यावरून पारख निरर्थक आहे असें मात्र नव्हे. पहिल्या क्रमांकावर निवडलेले मॅनिंगसारखे पुष्कळ जण अपेक्षेस उतरले आहेत. शहाणा संघ एवढेंच करतो कीं, आपला अंदाज हा अंदाज आहे हें विसरत नाहीं. शरीराचीं मापें तो किमान अट म्हणून पाहतो, त्यांपलीकडे त्यांना गुण देत नाहीं. आंकड्यांमागचा सांचा शोधतो. अडचणींतला खेळ पाहतो. एकाच तरुणावर सर्वस्व न लावतां दुसराही हाताशीं ठेवतो. न्यू इंग्लंडजवळ नांवाजलेला क्वार्टरबॅक आधींच होता, तरी त्यानें ब्रेडीला घेऊन ठेवलें, आणि २००१ सालीं तो पहिला खेळाडू जायबंदी झाला तेव्हां १९९ व्या क्रमांकाचा तरुण तयार होता. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हा मुलगा कसा आहे हें विचारतांना शहाणा संघ आणखी एक प्रश्न स्वतःला विचारतो: याला उभें राहावयास आपण काय देणार आहोंत? त्याच्या पुढें रक्षणाची फळी आहे काय, त्याला शिकविणारा आहे काय, चुकण्यास एखादें वर्ष आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें संघाच्या स्वतःच्या हातीं असतात, आणि निवडलेल्या तरुणाचें पुढें काय होणार हें बरेंचसें त्यांवर ठरतें.